गावच्या संशोधकाचं विकिपीडियावर पान व्हावं का? आधी हे तपासा

शेतकऱ्याचा मुलगा कृषी विद्यापीठात शास्त्रज्ञ झाला की पोळ्याला पारावर विषय निघतोच, "भाऊ, याचं विकिपीडियावर पान टाका ना!" इच्छा चांगलीच आहे. पण टाकलेलं पान हटवलं गेलं तर मन त्याचंच दुखतं. म्हणून लिहायच्या आधी दोन संध्याकाळी तपासात घाला.

पद आणि सन्मान आधी पाहा, ते लवकर उरकतं. इंग्रजी विकिपीडियाच्या प्राध्यापक-संशोधकांसाठीच्या निकषांत मोठ्या विद्यापीठाचं कुलगुरुपद, विज्ञानातल्या भटनागर पुरस्कारासारखा राष्ट्रीय सन्मान, यांतलं एकही पक्क्या पुराव्यानं दाखवता आलं तरी पुरतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते १९६६ ते १९७२ नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. महानुभाव साहित्यावरचं त्यांचं काम बाजूला ठेवलं तरी निकष पुरा होतो. विभागप्रमुखपद मात्र पुरत नाही. पैसे भरून मिळणारे 'जीवनगौरव' तर मोजूच नका.

खरा वेळ द्या तो एका प्रश्नाला: यांचं काम दुसऱ्यांनी किती वापरलं? कुणाच्या शोधनिबंधाचा संदर्भ किती जणांनी दिला ते गूगल स्कॉलर या संकेतस्थळावर दिसतं. तिथे नाव टाका, त्यांनी स्वतःच दिलेले स्वतःचे दाखले वगळा, आणि आकडा त्याच विषयातल्या इतरांशी ताडून पाहा. कपाशीच्या संशोधनाचा आकडा इतिहासाला लावू नका. मराठीत लिहिणाऱ्यांची दखल तिथे फारशी दिसत नाही, त्यांच्यासाठी वाचनालयच गाठावं लागतं. लोकसाहित्याच्या एका अभ्यासकासाठी मी तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकांच्या मागच्या संदर्भसूच्या बोट ठेवून वाचल्या. तीन वेगळ्या लेखकांनी त्यांच्या ओव्यांच्या संग्रहावर आपली मांडणी उभी केली होती. घरच्यांनी दिलेल्या शाल-श्रीफळाच्या कात्रणांच्या जाड फाइलीपेक्षा त्या तीन नोंदी वजनदार ठरल्या.

एचएमटी हे धानाचं वाण शोधणारे चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे प्राध्यापक नव्हते. अशांना हे निकष लावूच नका. त्यांच्याबद्दल त्रयस्थांनी सविस्तर लिहिलंय का, एवढंच पाहा.

तुम्ही नातेवाईक किंवा विद्यार्थी असाल तर लेखाच्या चर्चापानावर तसं सांगा आणि लेख दुसऱ्याला लिहू द्या.

आणि उत्तर 'नाही' आलं तर? कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या विकिपीडिया लेखाचा मसुदा मे २०१८मध्ये स्वतंत्र संदर्भ अपुरे म्हणून परत गेला होता. ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे आजचं 'नाही' कायमचं नसतं. तोवर त्या विषयाच्या पानात तुमच्या माणसाच्या संशोधनाचं एक वाक्य संदर्भासह घाला, आणि घरातल्या प्रत्येक कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक पेनानं लिहून ठेवा.