मेन स्टड आणलेत? ते ब्लॉकसोबतच मशीन शॉपला द्या

ऑक्टेव्हिया आरएसचं १.८ टर्बो इंजिन दुसऱ्यांदा उघडायची वेळ माझ्यावर आली ती माझ्याच घाईमुळे, म्हणून हे लिहितोय. मेन बेअरिंग कॅपला (क्रँकशाफ्टला ब्लॉकमध्ये धरून ठेवणारी टोपी) बोल्टऐवजी स्टड (ब्लॉकमध्ये बसणारा आटेदार दांडा, वरून नट आवळायचा) लावणार असाल तर स्टडचं पाकीट ब्लॉकसोबत मशीन शॉपला पाठवा. ब्लॉक परत आल्यावर नाही, सोबतच.

मुळात स्टड हवेत का, ते आधी ठरवा. कंपनीचे बोल्ट ६५ न्यूटन मीटर अधिक पाव फेरा असे ताणून बसतात, म्हणून एकदा काढले की टाकायचे. पॉवर वाढवणार नसाल तर नवे दहा बोल्ट आणा, विषय संपला. पॉवर वाढवणार असाल, किंवा कॅप पुन्हापुन्हा उघडाव्या लागणार असतील, तर स्टड. आवळताना बोल्टला ताणासोबत पीळही बसतो आणि ब्लॉकचे आटे झिजतात. स्टड जागेवर राहतो, फिरतो फक्त नट. किट इंजिन कोड बघूनच घ्या. आणि बजेटमध्ये लाइन होनिंग, म्हणजे क्रँक बसायची भोकं घासून एका रेषेत गोल करणं, धराच.

ते मी धरलं नव्हतं. ब्लॉक जुन्या बोल्टवर मोजून आला, घरी मी एआरपी कंपनीचे स्टड लावले. क्रँक फिरला, पण एका जागी किंचित जड लागला. नवीन आहे, बसेल, म्हणून सोडून दिलं. ८०० किलोमीटरनंतर संप (इंजिनखालची तेलाची टाकी) उतरवला. खालच्या एका शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्याच्या) मधोमध राखाडी थर उडून तांबं उघडं पडलं होतं, नखाला खरखर लागत होती. स्टडचा चाप वेगळा पडतो, कॅप वेगळी ओढली जाते आणि गोल टनेल, म्हणजे क्रँक बसतो ते भोक, लंबगोल होतं. फरक शतांश मिलिमीटरचा, पण तेलाला जागा तरी कुठे त्याहून फार असते!

म्हणून तेच स्टड, तेच वॉशर-नट, पूर्ण टॉर्क, शेल न घालता, आणि पाचही टनेल भोकाचा व्यास मोजणाऱ्या डायल बोअर गेजने उभी आणि तिरपी मोजायची. माप चुकलं तर लाइन होनिंग. 'बोल्टवर बरोबर होतं' हे उत्तर चालवून घेऊ नका.

स्टडची भोकं साफ करताना कापणारा टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू नका, आटे फक्त साफ करणारा वापरा. मग ब्रेक क्लीनर आणि हवा. आरपार नसलेल्या भोकात तेल साचलं तर स्टड ते दाबतो आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. स्टड हाताने बसवा, पाना लावू नका. नटाच्या आट्यांना आणि वॉशरवर किटमधलंच ग्रीस लावा. टॉर्कचा आकडा किटच्या कागदावरचा, मॅन्युअलमधला नाही, कारण तो बोल्टचा आहे. साधं इंजिन ऑइल लावलं तर हा आकडाही निरुपयोगी.

कॅपचे नंबर, दिशा बघा. तीन टप्प्यांत आवळा, प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक हाताने फिरवा. अडला तर थांबा आणि टनेल परत मोजा, स्टडवरच. तिसऱ्या कॅपपाशी थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे) बसवा, एंड फ्लोट, म्हणजे क्रँकची पुढेमागे हालचाल, डायलने मोजा. स्टडची टोकं बोल्टच्या डोक्यांपेक्षा वर येतात, तेव्हा ऑइल पिकअप (तेल ओढणारी नळी) आणि तेल उसळू न देणारा ट्रे त्यांना लागत नाहीत ना, ते बघून मगच संप लावा.