कमी खर्चात रात्रीचं जेवण आणि उरलेलं अन्न : या चुका टाळा

घरखर्च कमी करायचा म्हटलं की आपण आधी तेलाच्या पिशवीचा आणि भाजीचा भाव बघतो, पण खरा पैसा जातो तो रात्रीच्या जेवणानंतर, भगुन्याच्या तळाशी राहिलेल्या कोरड्यासात म्हणजे कालवणात, दुरडीत कडक झालेल्या भाकरीत आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात विसरलेल्या वाटीत. म्हणजे विकत घेतलं, गॅस जाळला, मेहनत केली आणि टाकून दिलं. माझं म्हणणं असंय की उरलेल्याचं काय करायचं हे सकाळी ओट्याजवळ उभं राहून ठरत नसतं, ते रात्री स्वयंपाक करतानाच ठरायला पाहिजे, आणि बहुतेक चुका ह्याच एका गोष्टीपाशी होतात.

आधी मेनू ठरवायचा आणि मग घरात काय आहे ते बघायचं

"आज काय करू?" असं घरच्यांना विचारलं की कुणी वांगं म्हणतं कुणी पनीर म्हणतं आणि गाडी दुकानाकडं निघते. उलट करून बघा. पाच वाजता फ्रिज उघडा, दुरडी बघा, डबे बघा, आणि जे सगळ्यात आधी खराब होणारंय त्याच्याभोवती जेवण ठरवा. अर्धी मेथीची जुडी आणि वाटीभर वरण दिसलं तर रात्रीचे धपाटे झाले, सोबत दही नाहीतर शेंगदाण्याची चटणी, विषय संपला.

आठवडी बाजारातून माळवं आणल्यावर पण हाच क्रम ठेवायचा. पालक, मेथी, शेपू, अंबाडी, आंबटचुका पहिल्या दोन दिवसात संपवायचे, मग वांगी, दोडकं, गवार, भेंडी, आणि शेवटी कोबी, बटाटा, लाल भोपळा. बाजार उठायच्या वेळेला भाजी स्वस्त मिळते म्हणून चार जुड्या उचलतात लोकं, पण घरात माणसं चार आणि त्याच दिवशी निवडायला वेळ नाही, तर ती स्वस्ताई तिसऱ्या दिवशी पिवळी पडते. आणि आठवडाभराचे सातही दिवस आखू नका, चार दिवसांचं ठरवा, बाकीचे मोकळे सोडा. कारण एखाद्या दिवशी पाहुणे येतात, एखाद्या दिवशी शेजारून डबा येतो, आणि एक रात्र तरी उरलंसुरलं संपवायला लागतेच.

सगळ्याच्या सगळ्याला फोडणी देऊन टाकणं

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. कुकरमधून डाळ काढली की सगळी एका भगुन्यात ओतून लसूण, मिरची, काळा मसाला, चिंच, गूळ सगळं घालून आमटी करतो आपण, आणि उरली की ती आमटीच राहते, दुसऱ्या दिवशी घट्ट होते आणि कुणी हात लावत नाही. त्याऐवजी डाळ शिजली की निम्मी साधीच बाजूला काढा, नुसती हळद, हिंग आणि मीठही बेताचं. आजच्यापुरती आमटी करा. ते साधं वरण उद्या पाहिजे ते होतं. त्यात कणकेचे तुकडे सोडले की चकोल्या, ज्वारीच्या पिठात मळलं की धपाटे, पालक टाकला की डाळपालक, नुसती लसणाची फोडणी दिली की भाताबरोबरचं वरण. बटाट्याचं तसंच, उकडून सोललेले दोन बाजूला ठेवले तर उद्या भाजी, पराठा, कटलेट काहीही करता येतं, पण रश्शात पडलेला बटाटा रश्शातच राहतो. मटकीला मोड आणले तर सगळी उसळ करू नका, अर्धी कच्ची मोडाची फ्रिजमध्ये ठेवली तर परवा खिचडीत नाहीतर कांदा-लिंबू घालून खाता येते.

आता धपाट्याचं थोडं सविस्तर सांगते कारण इथं लोकांचं बरंच बिघडतं. वरण पातळ असतं म्हणून पीठ सैल होतं आणि तव्यावर टाकताना फाटतं, मग "वरणाचे धपाटे होतच नाहीत" असं म्हणून सोडून देतात. वरणालाच पाणी समजायचं, वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही, दोन वाट्या ज्वारीच्या पिठाला अर्धी अर्धी वाटी गव्हाचं पीठ आणि बेसन घालायचं म्हणजे धरून राहतं. तीळ, ओवा, लसूण-मिरची, कोथिंबीर. मीठ घालायच्या आधी चव बघायची कारण वरणात मीठ आधीचंच आहे. मेथी किंवा कांदा घातला असेल तर मळून ठेवू नका, मिठानं पाणी सुटतं आणि पीठ परत सैल पडतं, मळलं की लगेच ओल्या फडक्यावर थापा, मधी भोक पाडा, तव्यावर टाका आणि खालची बाजू सुटेपर्यंत उलथनं लावायचंच नाही.

भाकरी गरम असतानाच डब्यात कोंबणं

स्टीलच्या डब्यात गरम भाकऱ्या घालून झाकण लावलं की आत वाफ धरते, भाकरी चिकट होते, आंबूस वास येतो, आणि पावसाळ्यात तर दुसऱ्याच दिवशी बुरशी. दुरडीत फडकं घालून आधी पसरून गार होऊ द्या, मग झाका. कडक झालेली भाकरी मऊ करायची असेल तर दोन्ही बाजूनं पाण्याचा हात फिरवून गरम तव्यावर ठेवून वर झाकण ठेवायचं, मिनिटाभरात वाफेनं बरी होते.

कुस्करा करताना लोकं भाकरी मिक्सरमधून एकदम बारीक काढतात आणि मग फोडणीत त्याचा गोळा होतो. हातानं चुरायची, जाडसर, वर ताक शिंपडून दहा मिनिटं ठेवायची, मग कांदा, मिरची, शेंगदाणे, हळद घालून फोडणी. ताक आंबट झालं असेल तर त्याच्यासाठी ह्यापेक्षा चांगली जागा नाही. पोळ्या उरल्या तर चुरून गूळ-तूप घालून मलिदा, पोरं मागून खातात.

आणि भाकरी मुळातच मोजून करा. पिठाचा अंदाज घेऊन नाही, माणसं मोजून, कोण उशिरा येणारंय कोण बाहेर खाऊन येणारंय हे फोनवर विचारून. ज्वारीचं पीठ पण महिनाभराचं दळून आणू नका, जुन्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना चिरते, चव कडवट लागते आणि मग ती भाकरी ताटातच राहते. आठ-दहा दिवसांचं दळा. विरी गेलीच असेल तर उकळत्या पाण्यात मळा, बरीच सुधारते.

शिजवलेलं अन्न रात्रभर ओट्यावर ठेवणं

इथं काटकसर करू नका, हात जोडून सांगते. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये परभणी काय, नांदेड काय, बीड काय, पारा चाळीसच्या वर असतो आणि रात्रीसुद्धा स्वयंपाकघर तापलेलं असतं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशाच्या वर असेल तर एकच तास. 5 ते 60 अंशाच्या मधी जंतू भराभर वाढतात, म्हणजे कोमट अन्न हे सगळ्यात धोक्याचं.

भाताचं तर विशेष सांगायला पाहिजे. तांदळात बॅसिलस सिरीयस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, आणि उलट्या करणारं ते विष परत गरम करून जात नाही. म्हणजे "सकाळी चांगला परतून घेऊ" ह्यानं काम भागत नाही. जेवणं झाली की उरलेला भात परातीत पसरा, पंख्याखाली पटकन गार करा आणि उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. फोडणीच्या भातालाही हाच थंड भात चांगला, मोकळा होतो, ताज्या भाताचा लगदा होतो. दुसऱ्या दिवशी संपवायचा, तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. वरण, आमटी पण मोठ्या भगुन्यात तशीच फ्रिजमध्ये ढकलू नका, आतून तासन् तास गरम राहते, दोन लहान डब्यात करा.

ज्यांच्याकडं फ्रिज नाही किंवा लाईटीचा भरवसा नाही त्यांनी उरवायचंच नाही असं ठरवलेलं बरं. उन्हाळ्यात भात आणि आमटी हात राखून करायची, आणि कमी पडलं तर भाकरीबरोबर चटणी, कांदा, शेंगा आहेतच. लाईट गेली तर फ्रिज उघडायचा नाही, बंद ठेवला तर साधारण चार तास थंडावा टिकतो.

आणखी एक, डबाभर भाजी काढून गरम करायची, थोडी खायची, परत आत ठेवायची, परत काढायची, हे थांबवा. पाहिजे तेवढीच वाटीत काढा, वाफा निघेपर्यंत गरम करा, आणि गरम केलेलं परत आत जाऊ देऊ नका. चिंच, टोमॅटो, ताक घातलेलं काहीही ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ठेवायचं नाही.

बुरशी आलेली भाकरी "तेवढं काढून" खायची नाही, बुरशी आत पसरलेली असते. शेंगदाण्यात काळे पडलेले, सुरकुतलेले, कडवट दाणे दिसले तर निवडून फेकाच, त्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि ते भाजल्यानं पुरतं जात नाही. आपल्याकडं कूट प्रत्येक भाजीत पडतं म्हणून हे जास्त मनावर घ्या. हिरवे पडलेले बटाटे पण नको.

शिळं फक्त बाईच्या ताटात

हे कुणी चूक म्हणून मोजत नाही पण मला ही चूकच वाटते. घरोघरी दिसतं, सगळ्यांना ताजं, आणि कालची भाकरी न् कालची भाजी आईच्या नाहीतर सुनेच्या वाटणीला. एकट्या बाईनं किती खायचं, म्हणून उरलेलं संपतही नाही आणि तिच्या पोटाला ताजंही मिळत नाही. ज्या घरात सासूबाई किंवा दादा स्वतः म्हणतात की आज कुस्करा सगळ्यांनाच, त्या घरात अन्न वाया जात नाही. मुलांसमोर "शिळं आहे" असं तोंड करून वाढलं तर ती खाणार नाहीत, फोडणीचा वास सुटलेला असताना गरम वाढलं तर विचारणार पण नाहीत.

घरात काहीच नाही म्हणून बाहेरून मागवणं

महिन्याच्या शेवटी भाजी संपली की लोकं पार्सलवर येतात, आणि त्या एका पार्सलच्या पैशात चार दिवसांचं माळवं येतं. मराठवाड्यातल्या घराला ही पाळी यायचं कारण नाही. येसर, म्हणजे धान्य-डाळी भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ, करून ठेवलेला असेल तर तेलात लसूण-मिरचीची फोडणी द्या, पाणी उकळा, येसर थोड्या गार पाण्यात कालवून सोडा, थोडा वेळ उकळलं की आमटी तयार. येसर थेट उकळत्या पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात, एवढंच सांभाळा. नाहीतर पिठलं आहे, हुलग्याचे शेंगोळे आहेत, मुरमुरे भिजवून सुशीला आहे, उन्हाळ्यात घातलेले सांडगे आहेत. वर्षाची तूरडाळ नवीन माल मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात आल्यावर भरून ठेवली आणि नीट वाळवून ठेवली तर एक काळजी कमी होते. डाळ अर्धा तास भिजवली की गॅस पण कमी लागतो, आणि एकाच कुकरमध्ये खाली बटाटे, मधी डाळ, वर भात असं लावता येतं.

कोथिंबिरीचे देठ फेकू नका, आमटीच्या वाटणात चालतात. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, मुळ्याचा पाला बेसन पेरून. फ्लॉवरचे कोवळे दांडे भाजीतच चिरा.

बिघडलं की टाकून देणं

खारट झालं तर कणकेचा गोळा टाकून बसण्यात अर्थ नाही, तो थोडं खारट पाणी ओढून घेतो एवढंच, बाकीच्या रश्श्याचा खारटपणा तसाच राहतो. बिनमिठाची शिजवलेली डाळ किंवा उकडलेला बटाटा घालून वाढवा, आणि जास्तीचं झालेलं उद्यासाठी लगेच बाजूला काढा. तिखट झालं तर शेंगदाण्याचं कूट, सोबत दही. रस्सा पातळ राहिला तर भाजलेलं बेसन पाण्यात कालवून सोडा. खाली लागलं तर अजिबात हलवू नका, वरचं वरचं दुसऱ्या भांड्यात काढा, खालची खरवड तशीच राहू द्या, चव बघा, आणि जळका वास थोडाच असेल तर वरून लसणाची ताजी फोडणी द्या. वास सगळीकडं पसरला असेल तर मात्र त्याच्यावर अजून तेल-मसाला घालू नका.