सोमवारी कोर्स आहे, तर अ‍ॅन्सिस या आठवड्यातच टाका

मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॅड लॅबमध्ये असिस्टंट आहे. शिकवणारे सर वेगळे. माझं काम म्हणजे सर फळ्यापाशी उभे राहतील तेव्हा तीसच्या तीस लॅपटॉपवर अ‍ॅन्सिस उघडलेलं असावं. अ‍ॅन्सिस म्हणजे एखादा भाग वजनाखाली किती वाकेल, किती ताण घेईल हे कॉम्प्युटरवर काढणारं सॉफ्टवेअर. दोन वर्षांपूर्वी ते असं तयार नव्हतं. पोरांनी पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता लॅबच्या वायफायवर एकदमच डाउनलोड लावलं. फाइल कित्येक जीबीची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकाचंही पूर्ण झालं नाही आणि अडीचला वीज गेली. सरांनी दिवसभर खडू घेऊन स्टिफनेस मॅट्रिक्स शिकवलं. तेव्हापासून मी ही यादी आठवडाभर आधीच सगळ्यांना पाठवतो.

आधी लॅपटॉप बघा. विंडोज ६४ बिट हवं, मॅकवर हे थेट चालत नाही. रॅम ८ जीबी असेल तर निभेल, पण क्रोमच्या वीस टॅब बंद ठेवाव्या लागतील. १६ असेल तर उत्तम. सी ड्राइव्हवर मी ५० जीबी मोकळी जागा मागतो, कारण झिप, उघडलेलं फोल्डर आणि इन्स्टॉलेशन असं तिन्ही एकाच वेळी जागा खातं. दादाच्या कंपनीचा लॅपटॉप आणू नका. त्याचा अ‍ॅडमिनचा पासवर्ड दादाकडेही नसतो.

डाउनलोड करायची ती स्टुडंट आवृत्ती, आणि तीही अ‍ॅन्सिसच्या स्वतःच्या साइटवरूनच. ती फुकट आहे. लायसन्स तिच्यातच बसवलेलं येतं, त्यामुळे सर्व्हर, की, फाइल काहीच शोधावं लागत नाही. मग टेलिग्रामवरचं क्रॅक घेऊन पोरं का येतात, हे मला आजवर कळलेलं नाही. क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच काय ते समजा.

झिपवर डबल क्लिक करून आतूनच सेटअप चालवू नका. पूर्ण एक्स्ट्रॅक्ट करा, आणि तेही सी ड्राइव्हच्या तोंडाशीच एका छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये. डाउनलोड्समध्ये, त्याच्या आत सेम सहा, त्याच्या आत कोर्स अशा खोल जागी काढलं तर विंडोजची २६० अक्षरांच्या पाथची मर्यादा आडवी येते आणि काही फाइली गुपचूप गळतात. मग सेटअपवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. वेळ लागतो. चार्जर लावून ठेवा आणि झाकण मिटू नका.

आता आपल्याकडचा खास घोळ. विंडोजचं युजरनेम किंवा प्रोजेक्टचं फोल्डर देवनागरीत असेल तर सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा भाग, अडखळतो. मागच्या बॅचमधल्या एका मुलीचं सगळं नीट बसलं होतं, पण सॉल्व्ह म्हटलं की एरर. अर्धा तास डोकं फोडल्यावर दिसलं की लॅपटॉप घेतला तेव्हा वडिलांनी हौसेनं तिचं नाव मराठीत टाकलं होतं. दिसणारं नाव बदलून उपयोग होत नाही, आतलं फोल्डर जुन्याच नावाचं राहतं. रोमन अक्षरांत, मध्ये स्पेस न देता, नवीन अकाउंट काढा आणि त्यातून काम करा. प्रोजेक्टही वनड्राइव्हवर सिंक होणाऱ्या डेस्कटॉपवर ठेवू नका. सॉल्व्हर लिहीत असतानाच सिंक त्या फाइली धरून बसतं.

लायसन्सबद्दल. स्टुडंट आवृत्तीला मुदत असते, साधारण वर्षभराची. ताईनं गेल्या वर्षी टाकलेलं चालेल असं धरून बसू नका, उघडून बघा. मुदत संपली असेल तर नवीन आवृत्ती उतरवून पुन्हा टाकायची. दुसरं, कॉम्प्युटरची तारीख बरोबर हवी. जुन्या मशीनची सीएमओएस बॅटरी (घड्याळ चालू ठेवणारी आतली छोटी बॅटरी) मेली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि लायसन्स बिनसतं. तिसरं, त्याच लॅपटॉपवर आधी कॉलेजची किंवा कंपनीची अ‍ॅन्सिस असेल तर विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये (प्रोग्रॅम वाचतात त्या सेटिंग्जच्या यादीत) अ‍ॅन्सिस-एलएमडी-लायसन्स-फाइल (ANSYSLMD_LICENSE_FILE) नावाची नोंद उरलेली असते. स्टुडंट आवृत्ती मग त्या जुन्या सर्व्हरला शोधत बसते. ती नोंद काढा आणि मशीन रीस्टार्ट करा.

लॅबच्या पीसीवर मात्र हीच नोंद हवी. तिथे १०५५, मग ॲटचं चिन्ह, मग सर्व्हरचं नाव असं लिहिलेलं असतं. ते लायसन्स फक्त कॉलेजच्या नेटवर्कवर मिळतं. हॉस्टेलवरून रात्री 'सर, लायसन्स सर्व्हर सापडत नाही' असे मेसेज मला करू नका.

सरांच्या फाइली ज्या रिलीजच्या आहेत तीच किंवा त्यापुढची आवृत्ती टाका. नव्या रिलीजमध्ये जुनी फाइल उघडते, जुन्यात नवी नाही.

इन्स्टॉल झालं म्हणजे झालं, असं मी मानत नाही. वर्कबेंच, म्हणजे अ‍ॅन्सिसची मुख्य खिडकी, उघडलं तरी नाही. बऱ्याचदा लायसन्सची खरी गाठ सॉल्व्हच्या बटणावरच पडते. म्हणून एक बीम सोडवून दाखवा. लांबी १००० मिमी, छेद ५० बाय ५०, मटेरियल आधीच दिलेलं स्ट्रक्चरल स्टील, एक टोक पक्कं धरलेलं, दुसऱ्या टोकाला १००० न्यूटन खाली. कागदावर पीएल क्यूब भागिले थ्री ईआय करा: पी म्हणजे बल, एल म्हणजे लांबी, ई म्हणजे स्टीलचा ताठपणा २,००,००० मेगापास्कल, आय हा छेदाच्या आकारावरून येणारा आकडा, सुमारे ५,२०,८३३ मिमीचा चौथा घात, म्हणजे वाक ३.२ मिमी. सॉफ्टवेअर ३.२ च्या आसपास दाखवेल. ०.००३२ आलं तर घाबरू नका, युनिट मीटरमध्ये आहे. बेंडिंग स्ट्रेस (वाकण्याचा ताण) हिशेबाने ४८ मेगापास्कल, पण धरलेल्या टोकाच्या कोपऱ्यांत जास्त दिसेल. का, ते सर सांगतील.

मेश, म्हणजे बीमचे हिशेबासाठी पाडलेले तुकडे (एलिमेंट) आणि त्यांना जोडणारे बिंदू (नोड), उगाच बारीक करू नका. स्टुडंट आवृत्तीत स्ट्रक्चरलला १,२८,००० नोड किंवा एलिमेंटची मर्यादा आहे. ती ओलांडली की सॉल्व्ह होत नाही आणि पोरांना वाटतं लायसन्स गेलं.

वाकलेल्या बीमचा स्क्रीनशॉट, कोपऱ्यात तारीख दिसेल असा, गुरुवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका. ज्यांचा येणार नाही त्यांनी शुक्रवारी चारनंतर लॅपटॉप घेऊन लॅबमध्ये यावं, मी सहापर्यंत आहे. सोमवारी येताना चार्जर आणि शक्यतो एक्स्टेंशन बोर्ड आणा. लॅबमध्ये चालू प्लग पॉइंट बारा आहेत आणि तुम्ही तीस.