पावसाळ्यात जेडला जपा

नाशिकच्या उन्हापेक्षा मला जेडची काळजी वाटते ती पावसाळ्यात. दक्षिण आफ्रिकेतलं हे झाड जाड पानांत पाणी साठवतं; आपली काळी माती ओल धरून ठेवते आणि मुळं सडतात. म्हणून कुंडीत निम्मी जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा घालाच. जून ते सप्टेंबर कुंडी पागोळीखाली नको, छपराखाली भरपूर उजेडात ठेवा. बोट खुपसून माती आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी द्या. पानं सुरकुतली तर बहुधा तहान. पिवळी, मऊ पडली तर पाणी जास्त झालं. बुंधा मऊ झालाच, तर वरची निरोगी फांदी कापा, चार-पाच दिवस सावलीत जखम सुकू द्या, मग कोरड्या मातीत खोचा. पाणी आठवडाभराने.