शिंपल्यातलं विष शोधायचंय? प्रयोगशाळेत शिरण्याआधी

तिसऱ्या, कालवं, शिनाणे पाणी गाळून जगतात आणि गाळता गाळता विषारी सूक्ष्म शैवालही पोटात घेतात. हे विष शिजवून जात नाही. 1997 मध्ये केरळात विझिंजमला शिंपले खाऊन 7 जण दगावले, ते लकवा आणणाऱ्या विषाने. पाणी लाल झालं तरच धोका, ही समजूत आधी सोडा. डायनोफायसिस हे अतिसाराचं विष बनवणारं शैवाल लिटरमागे काही शे पेशी इतकंच असतं, पाणी नितळ दिसतं आणि शिंपला मात्र खाण्यालायक राहिलेला नसतो.

निम्म्या चुका होडीतच होतात. 20 मायक्रॉनची जाळी फक्त जाती ओळखण्यासाठी. मोजणीचा नमुना तिने घेऊ नका. डायनोफायसिस अनेकदा एखाद्याच पातळ थरात दाटतं, त्यामुळे वरवरचं बादलीभर पाणी फसवतं. नळी उभी सोडून सगळ्या खोलीचं पाणी घ्या. पेशी टिकवण्यासाठी लगेच ल्यूगॉल आयोडीन (आयोडीनचं द्रावण) घाला, फिक्या चहाचा रंग येईपर्यंतच. जास्त झालं तर पेशी काळपट होतात आणि कवचाच्या पट्ट्या दिसत नाहीत. लकव्याचं विष बनवणारं अलेक्झांड्रियम ओळखायला तर त्याच लागतात. बाटली उन्हात राहिली की रंग उडतो, मग पेशी सडू लागतात.

मोजणीत गणित पक्कं हवं. 1 मिलीच्या सेजविक-राफ्टर काचपट्टीवर (पेशी मोजायची खाचेची काच) दिसलेली एक पेशी म्हणजे लिटरला 1000. इंग्लंडमध्ये डायनोफायसिसचा इशारा लिटरला 100 पेशींवरच दिला जातो, म्हणजे ही काचपट्टी इथे कुचकामी. 25 मिली पाणी उटरमोल नळकांड्यात (पेशी तळाशी बसवायचं भांडं) 24 तास बसू द्या आणि उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण तळ मोजा. एक पेशी म्हणजे लिटरला 40. काहीच दिसलं नाही तर ‘शून्य’ नव्हे, ‘40 पेक्षा कमी’ लिहायचं. डोमोइक आम्ल हे विष बनवणाऱ्या स्यूडो-निट्झशिया शैवालाची नेमकी जात साध्या सूक्ष्मदर्शकात ठरत नाही. गट लिहून थांबा.

पेशी मोजणं हा इशारा, निकाल मांसावर लागतो. किमान 100 ग्रॅम मांस काढा, पाणी निथळा, एकजीव वाटा. अतिसार आणणाऱ्या विषांसाठी 2 ग्रॅम लगद्यातून विष 9 मिली मिथेनॉलने दोनदा काढून अर्क 20 मिलीपर्यंत भरतात. मग त्यातला एक भाग सोडियम हायड्रॉक्साइड घालून 76 अंशांवर 40 मिनिटं तापवायचा, नंतर आम्लाने उदासीन करायचा. नवखे ही पायरी टाळतात. मग अतिसार आणणाऱ्या ओकाडाइक आम्लाचा एस्टर रूपातला (मेदाम्लाला जोडलेला) भाग एलसी-एमएसला (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राला) दिसतच नाही आणि विषारी माल पास होतो. कुपीचं झाकण सैल असेल तर द्रावण उडून आकडा उलट फुगतो. म्हणून आधी-नंतर वजन करा. युरोपीय मर्यादा मांसाच्या किलोमागे ओकाडाइक 160 मायक्रोग्रॅम, सॅक्सिटॉक्सिन (लकव्याचं विष) 800 मायक्रोग्रॅम, डोमोइक 20 मिलिग्रॅम. सॅक्सिटॉक्सिन पाण्यात विरघळतं, त्याचा अर्क वेगळा, आम्लात काढावा लागतो.

वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सागरी विज्ञानाच्या मुलांना सूक्ष्मदर्शक जवळचा वाटतो, रसायनशास्त्रवाल्यांना एलसी-एमएस. आमच्या मते पहिल्या वर्षी दोन्ही टेबलांवर बसावं. जाती ओळखण्यासाठी कोपनहेगनचं युनेस्कोशी जोडलेलं केंद्र परीक्षेसह प्रशिक्षण देतं; तिथे अर्ज करण्याआधी आपल्या किनाऱ्याचे नमुने भरपूर पाहिलेले असावेत.