बाटली आधी कोमट, मग मांजराचा कान

वाचायला बसण्याआधी उठा आणि कान साफ करायच्या औषधाची बाटली कोमट पाण्याच्या पेल्यात उभी करा. झाकण घट्ट लावून. बाकीचं वाचून होईपर्यंत ती तिथंच राहू दे. गेल्या जानेवारीत मी सगळं केलं होतं. टॉवेल होता, कापूस होता, नखं कापलेली होती, दार लावलेलं होतं, सुकटसुद्धा भाजून ठेवली होती. फक्त बाटली कोमट करायची राहिली. त्याची पावती माझ्या डाव्या मनगटावर अजून दिसते, आणि गुंड्या, म्हणजे आमचा साडेचार किलोचा बोका, त्यानंतर दीड महिना मला टॉवेलची घडीही घालू देत नव्हता.

आता पहिला प्रश्न: कान साफ करायची गरज आहे का? बहुतेक मांजरांना नसते. ती आपला पंजा ओला करून कानामागून फिरवतात, आणि आतला मळ कान स्वतःच हळूहळू बाहेर ढकलतो. दिवसाउजेडी खिडकीपाशी घेऊन पाळी हलकेच मागे दुमडून बघा. आत फिकट गुलाबी दिसत असेल, वास नसेल, फार तर थोडा फिकट तपकिरी मळ असेल, तर कान ठीक आहे, उगाच हात लावू नका. आपले कान रोज धुतो म्हणून मांजराचेही धुवायचे, हे खूळ डोक्यातून काढा. जास्त साफ केल्यानेही आतली कातडी चिडते. आणि हो, पाळीच्या बाहेरच्या कडेला, बुडाशी, कातडीचा एक छोटा खिसा असतो. प्रत्येक मांजराला असतो. ती जखम नव्हे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेजारच्या बोक्याने लचका तोडला असं समजून हळद घेऊन धावलो होतो.

काही कानांना घरी हात लावायचाच नाही. आत चहाच्या भुकटीसारखा काळा, कोरडा कचरा असेल आणि मांजर सारखं कान खाजवत असेल, तर बहुधा कानातल्या माइट्स, म्हणजे अगदी बारीक परजीवी, आहेत. उघड्या डोळ्यांना त्या जेमतेम पांढऱ्या ठिपक्यांएवढ्या दिसतात, नाही तर दिसतही नाहीत. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्यांना साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे आज कान पुसून चकचकीत केला तरी अंडी मागे राहणार. शिवाय एका मांजराला झाल्या की घरातल्या बाकीच्या मांजरांना आणि कुत्र्यालाही औषध द्यावं लागतं. हे काम डॉक्टरांचं. त्यांच्याकडे जाण्याआधी शहाणपणा करून कान पुसून नेऊ नका, कारण तोच कचरा त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असतो. आपण घासूनपुसून नेलं तर ते बघणार काय?

त्याहून गंभीर प्रकार म्हणजे मांजर मान एका बाजूला कलती धरतं, चालताना झोकांड्या खातं, डोळे आपोआप लटलट हलतात, कानातून पू किंवा रक्त येतं, घाण वास येतो, किंवा पाळीला बोट लावलं तरी ओरडतं. यातलं एकही दिसलं तर कानात थेंबही टाकायचा नाही. पडदा फाटलेला असू शकतो, आणि फाटक्या पडद्यातून औषध मधल्या कानात उतरलं की बहिरेपणापर्यंत जाऊ शकतं. पडदा धड आहे की नाही ते डॉक्टर आत दुर्बीण घालून बघतात, आपल्याला मोबाइलच्या टॉर्चमध्ये दिसत नाही. मी प्रयत्न केलाय.

पेल्यातलं पाणी निवलं असेल तर बदला. थंडीच्या दिवसांत ते लवकर निवतं.

काय आणायचं? मांजराला चालतं असं लिहिलेलं इअर क्लीनर, डॉक्टरांना विचारून. कापसाचे बोळे. जुना टॉवेल. संपलं. काय आणायचं नाही ते मात्र नीट वाचा. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, स्पिरिट नको, व्हिनेगर नको. टी ट्री ऑइल मांजरांना विषारी आहे. कुत्र्याच्या पाठीवर सोडायचं पिसवांचं औषध ‘थोडंसंच’ म्हणून मांजराला लावायचं नाही. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येऊन जीव जाऊ शकतो. आणि घरात कोणी वडीलधारं माणूस असेल तर ते हमखास सुचवणार ते म्हणजे लसूण घालून कढवलेलं तेल. आमच्या आईने सुचवलंच. आपल्या सगळ्यांच्या कानात लहानपणी ते गेलंय, त्यामुळे वाद घालणं अवघड जातं. पण लसूण आणि कांदा मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि कानातून ओघळलेलं तेल मांजर पंजाने पुसून चाटणारच. नुसतं खोबरेल घातलं तरी मळ चिकट होऊन आत बसतो. आईला नम्रपणे सांगा आणि वाटी उचलून ठेवा.

इअर बड तर घरातच लपवा. मांजराच्या कानाची नळी एल अक्षरासारखी असते, आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. काडी घातली की मळ त्या वळणापाशी गजाने ठासल्यासारखा घट्ट बसतो. वरचा कान स्वच्छ दिसतो, आपण खूश होतो, खाली बूच तयार होतं. पाळीच्या आतल्या घड्यांमध्येही काडी नको, कारण मांजराने ऐन वेळी मान फिरवली तर ती कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. जिथवर आपलं बोट सहज जातं तिथवरच कापूस.

नखं आदल्या दिवशी कापा. त्याच दिवशी नको. एका दिवसात एकच छळ, हा आमच्या घरचा नियम आहे. चार-पाच दिवस आधीपासून जाता-येता कानाला हात लावायची सवय करा. पाळी दुमडायची, सोडायची, चिमूटभर सुकट द्यायची. चिमूटभरच, ती खारट असते. ट्यूबमधला चाटायचा खाऊ असेल तर आणखी बरं, कारण तो चाटत असताना तोंड आणि लक्ष दोन्ही गुंतलेलं राहतं.

वेळ दुपारची, जेवून पेंगलेली. कुकर लावलेला असेल तर शिट्ट्या होऊन जाऊ द्या. जागा लहान, दार लावता येईल अशी. बाथरूम घेणार असाल तर फरशी कोरडी, कमोडचं झाकण खाली, आणि वर माळा असेल तर तिथे उडी मारायला वाट देणारा स्टूल बाहेर. वॉशिंग मशिनच्या मागच्या फटीत आधीच बादली सारून ठेवा. त्या फटीत मांजर जातं, माणसाचा हात जात नाही. धरायला एक माणूस असलं तर उत्तम. एकच. आमच्याकडे मागच्या वेळी तिघं होते आणि तिघं तीन सूचना देत होते. मानेची कातडी धरून उचलायचं नाही, टॉवेलमध्ये करंजीसारखं गुंडाळायचं, डोकं तेवढं बाहेर, पाठ आपल्या पोटाला टेकलेली.

आता बाटली पेल्यातून काढा, पुसा, आणि एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघा. बाळाच्या दुधाचं बघतो तसं. गार लागायला नको, गरमही लागायला नको, थेंब पडल्याचं जाणवलंच नाही असं हवं. मांजराचं अंग मुळात 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा किंचित गरम, त्यामुळे आपल्याला ‘बरंय की’ वाटणारा गारवा त्याला जास्त गार लागतो. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, गॅसवर तर नाहीच.

मला हे कारण कळलं असतं तर मी विसरलो नसतो, म्हणून सांगतो. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या आतल्या कानात असतात आणि त्यांच्यात द्रव असतो. बाहेरच्या नळीत गार पाणी गेलं की तिकडच्या द्रवात प्रवाह सुरू होतो आणि मेंदूला वाटतं डोकं गरगर फिरतंय. व्हिएन्नात रॉबर्ट बारानी नावाचे कानाचे डॉक्टर होते. रुग्णांच्या कानात पिचकारीने पाणी मारताना ते फार गार किंवा फार गरम असलं की रुग्णांना चक्कर येते, डोळे हिसके देतात, हे त्यांनी हेरलं आणि त्याचा पाठपुरावा केला. तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरच्या कामासाठी त्यांना 1914 चं नोबेल मिळालं, ते रशियात युद्धकैदी असताना. आजही माणसांचा तोल तपासायला कानात 30 आणि 44 अंशांचं पाणी मुद्दाम सोडतात. म्हणजे अंगापेक्षा सात अंश इकडे-तिकडे एवढं पुरतं. माझी बाटली सात अंशांनी गार नव्हती. ती फ्रिजच्या दारातून काढलेली होती.

होय, फ्रिजच्या दारात, डोळ्यांच्या थेंबांशेजारी. औषध आहे म्हणजे फ्रिजमध्ये, इतका साधा विचार. गुंड्याने आधी डोळे विस्फारले, मग कुठे आहोत ते कळेना म्हणून हाताला लागेल त्यात नखं रुतवली. तो हात माझा होता. टॉवेल सोडून तो पळाला तेव्हा सरळ पळतही नव्हता, तिरका जात होता. त्याचा तोल पाच मिनिटांत सावरला. माझ्यावरचा विश्वास, वर सांगितलं तसं, दीड महिन्याने.

तेव्हा बाटली कोमट. थेंब मनगटावर. झालं? पुढे चला.

पाळी हलक्या हाताने वर आणि थोडी मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. बाटलीचं टोक आत खुपसू नका आणि कानाला टेकवूही नका. बाटली दाबल्यावर होणाऱ्या फुसफुस आवाजाला मांजर घाबरत असेल तर कापसाचा बोळा औषधात चिंब भिजवून कानाच्या तोंडाशी धरा आणि तिथे दाबा. औषध आत जातं, आवाज होत नाही. मला हीच पद्धत बरी वाटते, पण बोळा हवेत लगेच गार होतो, म्हणून भिजवून गप्पा मारत बसायचं नाही. मग कानाच्या बुडाशी, जबड्याच्या मागे, बोटांनी वीस-तीस सेकंद चोळा. पचपच ऐकू आली की बरोबर चाललंय. मग सोडा, आणि तोंड बाजूला घ्या, कारण मांजर मान झटकणार आणि सगळं तुमच्या चष्म्यावर येणार. झटकू द्यायलाच हवं. आतला मळ तेच वर आणतं. वर आलेलं कोरड्या कापसाने टिपा. खाऊ.

दुसरा कान घेण्याआधी बाटली परत पेल्यात. एवढ्या वेळात ती निवलेली असते. पुन्हा मनगट. नवा कापूस, पहिल्या कानाचा नको. मांजर फारच चवताळलं असेल तर दुसरा कान उद्या, काही बिघडत नाही.

झाल्यावर टॉवेल उघडा, दार उघडा, जाऊ द्या. तासभर मान झटकेल, चालतं. दुसऱ्या दिवशीही मान कलती असेल, सतत झटकत असेल किंवा पाळी फुगून गादीसारखी झाली असेल तर डॉक्टर. झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि आत रक्त साठतं.

बाटलीचं टोक पुसा, झाकण लावा, उघडल्याची तारीख वर लिहा, आणि कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नाही.