टेबल कोण भरणार? खान्देशातून स्नूकर खेळू पाहणाऱ्यांसाठी

जळगावात मी ज्या पार्लरमध्ये स्नूकर शिकलो तिथे एक नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. हरणारा टेबल भरतो. म्हणजे टेबलाचे तासाचे पैसे हरणाऱ्याच्या खिशातून. तेव्हा तासाला ८० रुपये होते. कॉलेजातलं पहिलं दीड वर्ष मी जवळजवळ रोज टेबल भरलं.

पुढे नऊ वर्षं राज्य पातळीवर खेळलो. एकदा राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचलो आणि साखळीतच बाहेर पडलो. आता नोकरी करतो आणि संध्याकाळी पोरांना शिकवतो. त्यांचा आणि त्यांच्या आईबापांचा प्रश्न ठरलेला असतो, यात करिअर होतं का? उत्तर देताना मी जगज्जेत्या पंकज अडवाणीचं नाव घेत नाही. तसा एखादाच निघतो. मी आदित्य मेहताचं सांगतो. बहुतेकांनी हे नाव ऐकलेलंच नसतं, म्हणून हिशेबाला तो बरा पडतो.

मुंबईचा खेळाडू. २०१२ साली आशियाई विजेता. २०१३ मध्ये कोलंबियात काली शहरात वर्ल्ड गेम्सचं सुवर्णपदक, आणि त्याच वर्षी दिल्लीत इंडियन ओपनची अंतिम फेरी. व्यावसायिक रँकिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय. समोर चीनचा डिंग जुनहुई होता, ५-० असा हरला. २०१४ मध्ये जर्मनीत फ्यूर्टला त्यानं १४७ चा ब्रेक केला, म्हणजे टेबल न सोडता सलग मिळवलेले गुण. नवीन वाचकांसाठी सांगतो, पंधराही रेड (प्रत्येकी १ गुण) आणि प्रत्येक रेडनंतर ब्लॅक (७ गुण) पॉकेटात घेतला की १५ गुणिले ८ म्हणजे १२० होतात, आणि शेवटी पिवळ्यापासून काळ्यापर्यंतचे सहा रंग ओळीनं घेतले की वर २७. एकही चूक नाही, समोरच्याला खुर्चीतून उठायची संधी नाही. माझा स्पर्धेतला सर्वात मोठा ब्रेक ६८, आणि त्याची आठवण मी अजून लोकांना काढायला लावतो.

एवढं करूनही तो जळगाव स्टेशनवर उतरला तर चहावालासुद्धा ओळखणार नाही. शेफिल्डला राहून सराव केला, मान आणि खांद्याचं दुखणं मागे लागलं, आणि काही वर्षांत टूर सुटली. वाईट कारकीर्द होती का? अजिबात नाही. या देशात स्नूकर खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या ती पुढे आहे. तुमचं स्वप्न पूर्ण झालं तर साधारण असं दिसेल, एवढंच मला दाखवायचं असतं.

आता टूर म्हणजे काय ते. जगभरातले साधारण १२८ खेळाडू व्यावसायिक टूरवर असतात. कार्ड मिळालं की ते दोन वर्षांचं. मिळवायचं कसं? आशियाई किंवा जागतिक हौशी स्पर्धा जिंकून, नाहीतर क्यू स्कूल नावाच्या पात्रता स्पर्धेतून. शाळा म्हणतात, पण तिथे शिकवत कोणी नाही, फी भरून खेळायचं आणि हरलं की घरी. दोन वर्षांत जिंकलेल्या बक्षिसाच्या रकमेवर क्रमवारी लागते. पहिल्या ६४ मध्ये राहिलात तर कार्ड टिकतं, नाहीतर पुन्हा रांगेत. वर्षानुवर्षं अनेक स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला एक पौंडही मिळायचा नाही. २०२२ मध्ये हंगामाला २०,००० पौंडांची हमी आली, पण ती बक्षिसातून वळती व्हायची. त्यातच इंग्लंडातलं भाडं, प्रवास, हॉटेल आणि सरावाचं टेबल. म्हणजे तिकडेही नियम आमच्या पार्लरचाच, फक्त टेबलाबरोबर विमानही हरणाऱ्यानंच भरायचं.

आणि भारतातून तिथवर गेलेली नावं बघा. आशियाई स्पर्धा १९८९ आणि २००१ अशी दोनदा जिंकलेले यासीन मर्चंट मुंबईचे. मेहता मुंबईचा. २०२३ मध्ये टूरवर गेलेला इशप्रीत सिंग चढ्ढा मुंबईचा. मुंबईच्या पाण्यात काही वेगळं नाही. तिथे जिमखाने आहेत, चांगली टेबलं आहेत, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला रोज हरवतील अशी माणसं आहेत. गंमत अशी की हा खेळ जन्मला आमच्याच रेल्वेलाइनवर. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं तो सुरू केला असं मानतात (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा). भुसावळला महानगरीत बसा, ती जबलपूरलाच जाते. आम्ही मात्र खेळायला कायम उलट्या दिशेच्या गाडीत बसलो.

माझी पहिली मुंबईची स्पर्धा मी ४-० अशी सव्वा तासात हरलो. समोरचा फार मोठा खेळाडू नव्हता. टेबल मोठं होतं, म्हणजे मापानं नाही, माप तेच बारा बाय सहा फूट. पण कापड नवं, आणि पॉकेट आमच्याकडच्यापेक्षा घट्ट. आमच्याकडे कडेला घासून आत पडणारा बॉल तिथे पॉकेटच्या जबड्यात थडथडायचा आणि बाहेर. आणि व्हाइट, म्हणजे काठीनं मारायचा पांढरा बॉल, थांबतच नव्हता. मी ब्ल्यूवर यावा म्हणून मारलेला व्हाइट बॉकपर्यंत, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या टोकापर्यंत, घरंगळत जायचा. तेव्हा कळलं, आपण दोन वर्षं खेळ शिकलो नव्हतो, आपलं एक टेबल शिकलो होतो.

परत आल्यावर मी आमच्या मार्करकाकांच्या मागे लागलो. मार्कर म्हणजे स्कोअर लिहिणारा, बॉल लावणारा, टेबलाची देखभाल करणारा. त्यांनी मला आधी क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरू दिला नाही, ब्रश हातात दिला. स्नूकरच्या कापडाला लव असते, बॉक लाइनकडून ब्लॅकच्या दिशेला. ब्रश त्याच दिशेनं, एकदाही उलटा नाही. मग जड इस्त्री, तीही त्याच दिशेनं, सरळ पट्ट्यांत. टेबलावर ठेवायच्या आधी काका ती वर्तमानपत्रावर टेकवायचे. कागद पिवळा पडला तर थांबायचं, कापड जळतं. मग एक बॉल हळूच सोडायचे आणि काही न बोलता तो कुठे थांबतो ते बघायचे. लवेच्या उलट दिशेला हळू मारलेला बॉल मधल्या पॉकेटजवळ येऊन कसा किंचित वळतो, ते मी खेळून नाही शिकलो, तिथे उभा राहून शिकलो. मोठ्या स्पर्धांत टेबलाच्या दगडी पाटीखाली हीटर असतात, कापड कोरडं राहावं म्हणून. आमच्याकडे वैशाखात ४५ अंश फुकट मिळतात, टेबल झकास पळतं. पावसाळ्यात तेच टेबल चिखल होतं. दोन्ही ऋतूंत खेळा आणि फरक वहीत लिहा.

क्यूचं एक सांगून टाकतो. स्वतःचा घ्या, पार्लरच्या रॅकमधला रोज बदलू नका. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. माझा ॲश लाकडाचा क्यू धुळ्याच्या एका लग्नात दुपारभर डिकीत राहिला आणि केळीच्या घडाच्या दांड्यासारखा झाला. लग्न चांगलं झालं.

पूल टेबलावर तासन्‌तास घालवून स्नूकर येत नाही. छोटं टेबल, मोठी पॉकेट, खोटा आत्मविश्वास. बारा फुटी टेबल गावात नसेल तर आठवड्यातून दोन दिवस असेल त्या गावी जा, पण त्यावरच शिका. दुपारी टेबल रिकामं असतं, मालकाशी बोलून महिन्याचे पैसे ठरवा. एकट्यानं खेळा. सगळे रेड मधोमध एका रेषेत लावून रंग घेत सुटायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणं आहे. मोठ्या ब्रेकपेक्षा सेफ्टीवर, म्हणजे समोरच्याला सोपा फटका न ठेवण्यावर, वेळ घाला, कारण छोट्या गावच्या खेळाडूला तीच शिकवायला कोणी नसतं. पार्लरमध्ये सेफ्टी खेळलात तर मित्र म्हणतील घाबरट आहे. म्हणू द्या.

पैसे लावून खेळायला बोलावतील. चांगलं खेळायला लागलात की नक्की बोलावतील, आणि कौतुक करून बोलावतील. माझ्या बरोबरीचे दोघं, माझ्यापेक्षा चांगले, त्यातच अडकले. त्यांना स्पर्धेचा रविवार परवडेनासा झाला, कारण त्याच रविवारी दुसरीकडे जास्त मिळत होते. पार्लरचं नाव खराब आहे ते फुकट नाही.

नोकरीचा रस्ता मात्र आहे, आणि मला तो टूरपेक्षा खरा वाटतो. पेट्रोलियम कंपन्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो, रेल्वेचाही असतो. अडवाणीसुद्धा ओएनजीसीत नोकरीला. पण त्यासाठी राष्ट्रीय क्रमवारीत वर यावं लागतं, आणि तिथे जायचं तर आधी राज्य संघटनेच्या स्पर्धा. त्या बहुतेक मुंबई-पुण्यात. रात्रीची गाडी, सकाळी दादर, अंघोळ कुठे करायची हा प्रश्न, अकराला सामना. माझ्या वहीत एका फेरीचा खर्च साडेतीन हजारांच्या खाली कधी आला नाही. वर्षाला सहा फेऱ्या धरा. बारावीच्या आधी एवढा आकडा घरात मोकळेपणानं मांडा, लपवून खेळू नका.

खेळाच्या कडेनंही कामं आहेत. पंच, प्रशिक्षक, टेबल फिटर. फिटरकडे आमची पोरं बघतच नाहीत. फुलसाइज टेबलाखाली दगडी पाटीचे पाच तुकडे असतात, ते पाण्याच्या लेव्हलनं जुळवायचे, सांधे भरायचे, वर कापड ताणायचं. आमच्याकडे कापड बदलायला कारागीर मुंबईहून येतो, त्याच्या तारखेसाठी आम्ही महिनाभर थांबतो.

माझे वडील पारोळ्याकडचे, कापसाचे शेतकरी. मी राष्ट्रीय स्पर्धेहून आलो तेव्हा त्यांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "आन् याना पगार कोन देस?" तेव्हा मला राग आला होता. आता नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी मी त्याच्या वडिलांना बसवतो, वही उघडतो आणि हाच प्रश्न आधी मीच विचारतो. काही जण तिथूनच परत जातात.

एक जण नाही गेला. अमळनेरहून आठवड्याला दोनदा पॅसेंजरनं येतो, आधी ब्रश मारतो, मग खेळतो. मागच्या शनिवारी त्यानं मला पहिल्यांदा हरवलं, ६१-५४, शेवटच्या ब्लॅकवर. टेबल मी भरलं.